कुणासंगं आलंय हे?

पडद्यावर बोट टेकवायचं, एकेका नावाखालून ते हळूहळू सरकवायचं आणि पुटपुटायचं, "हे कुणासंगं आलंय?" आमच्या लॅबमधल्या प्रत्येक कॉम्प्युटरच्या पडद्यावर मामांच्या बोटाची धूसर रेघ असायची. मी चिडायची. "मामा, पुसा ते," म्हणायची. ते शर्टाच्या बाहीने पुसायचे आणि पुन्हा तिथंच बोट ठेवायचे.

लातूरच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर विभागाची प्रमुख आणि मामा लॅब असिस्टंट. रोज औशाहून एसटीने यायचे, दहाच्या आत सगळी मशीन चालू करून ठेवायचे. पोरांपासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. असा एखादा मामा तुम्हीही पाहिला असेल. हुद्दा खालचा, पण तो रजेवर गेला की हुद्देवाल्यांचं काही चालत नाही.

आमची मशीन लिनक्सवर. तिथं एक प्रोग्राम मागवला की त्याच्याबरोबर न मागवलेले दहा येतात, कारण त्यांच्याशिवाय त्याचं चालत नाही. कुणाला आपण नावाने बोलावलं आणि कोण नुसतं सोबत आलं, हे मशीन लक्षात ठेवतं. पुढे तो पहिला काढून टाकला की सोबतचे उगीच जागा अडवून बसतात. मग मशीन त्यांची यादी दाखवतं आणि विचारतं, यांची आता गरज नाही, काढू का? 'हो' म्हटलं की सगळे साफ.

मामा पोरांना हे फार सोपं करून सांगायचे. "नवरदेवासंगं वऱ्हाड येतंच. नवरदेव गेला तरी वऱ्हाड मांडवात बसूनच हाय, असं होतं हितं." पोरं हसली की लगेच पुढचं, "पर हाकलायच्या आधी तोंडं बघा. त्यात एखादा आपल्या कामाचा निघतो."

या तोंडं बघण्यात त्यांचा अर्धा अर्धा तास जायचा. मला एवढा दम कुठला!

एकदा परीक्षेच्या आधी माझ्या मशीनवर जागा कमी पडली. स्कॅनिंगचा एक जुना प्रोग्राम मी उडवला. यादी आली. वाचायची कशाला, 'हो' दाबलं. जागा झाली आणि प्रिंटर मुका झाला. बाहेर व्हरांड्यात पोरं हॉलतिकिटासाठी उभी, आणि मामांची बस नेमकी त्याच दिवशी उशिरा. तोवर मी वायर उपटून पाहिली, शिपायाला बोलले, प्रिंटरलाही दोन थपडा दिल्या.

मामा आले, पिशवी खुंटीला अडकवली. काय काय काढलं त्याची नोंद मशीन ठेवतं, ती उघडून त्यांनी बोट सरकवायला सुरुवात केली आणि एका नावाशी थांबले. प्रिंटर चालवणारा तुकडा त्या स्कॅनिंगवाल्याबरोबर आला होता, त्याच्याबरोबरच गेला होता. मामांनी तो परत मागवला आणि वर आणखी एक ओळ टाइप केली.

"आता हे आपण नाव घेऊन बोलावलंय, असं मशीनला सांगितलं म्याडम," ते म्हणाले. "कुणी बी जाऊ द्या, हे जायचं न्हाई."

बाकी रागावले नाहीत. दुपारी डब्यातली शेंगाचटणी माझ्यापुढे सरकवून एवढंच म्हणाले, की 'हो' म्हणायला घाई नसावी.

मामा कॉलेजात आले ते एका योजनेबरोबर. कॉम्प्युटर शिक्षणाची योजना आली, तिच्याबरोबर वीस मशीन आली आणि मामा आले. अकरा वर्षांत हे आम्ही साफ विसरलो होतो. मामा कॉलेजचेच, असं धरून चाललो होतो. मग योजना बंद झाली आणि संस्थेच्या ऑफिसातून त्या योजनेवरच्या माणसांची यादी आली. यांची सेवा संपत आहे, विभागाला कुणाची गरज असल्यास आठ दिवसांत नावानिशी लेखी कळवावे, असं त्यावर होतं. तेव्हा तपासणी समितीची धावपळ चालू होती. फायलींच्या ढिगात तो कागद होता. मी खाली 'पाहिले' लिहून सही ठोकली. पाहिलं काहीच नव्हतं.

नवव्या दिवशी क्लार्कने सांगितलं. मी तशीच ऑफिसात गेले, भांडले, फक्त पाया पडायचं बाकी ठेवलं. मुदत संपली, यादी पुढे गेली, म्हणाले.

मामांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? हाव, म्हणाले, पहिल्या दिवसापासून. मग एका शब्दाने बोलायचं ना मला! मी त्यांच्यावरच ओरडले. माझं हे असंच.

मामा खाली बघत म्हणाले, "तुमची सही दिसली म्याडम. मला वाटलं, वाचूनच केली असंल."

म्हणजे आठ दिवस हा माणूस, मला तो नको आहे असं समजून, दहाच्या आत लॅब उघडत होता. तसं नव्हतं हो मामा, मी म्हणाले, अनेकदा म्हणाले. त्यांनी मान हलवली. पटलं की नाही, मला अजून कळलेलं नाही.

त्यांचा अनुभवाचा दाखला मीच टाइप केला. त्याच प्रिंटरवर काढला. मामांनी कागद हातात घेतला आणि सवयीने स्वतःच्या नावाखालून बोट सरकवलं. मग घडी घालून खिशात ठेवला आणि औशाची बस धरली.

फोन केला की 'मजेत हाय' म्हणतात. आपण होऊन कधी करत नाहीत. लॅबचे पडदे आता लख्ख असतात आणि ते बघून मला रडू येतं. फार आठवण येते मामांची.

मशीनने यादी दाखवली की मी आता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते, बोट टेकवून. प्रिंटरच्या त्या तुकड्याचं नाव त्यात कधीच येत नाही. तरी दर वेळी मी ते शोधते. नाही याची खात्री झाली, की मगच 'हो' दाबते.