नंदकुमार घाडींचा किल्लेदार

अप्पासाहेब रणनवरे गेल्याचं नंदकुमार घाडींना त्यांच्या मुलीने हातांनी सांगितलं. सकाळची वेळ होती, ते बेसिनपाशी दाढी करत होते. रेवती त्यांना आरशात दिसेल अशी मागे उभी राहिली आणि तलवारीवर हात ठेवावा तशी तिने डाव्या कमरेशी मूठ आवळली. त्या घरात अप्पासाहेबांचं नाव असंच घेतलं जायचं. मग तिने दोन्ही तळवे सावकाश उलटे केले. नंदकुमारांनी तोंड धुतलं, कपाटातला इस्त्रीचा पांढरा शर्ट काढला आणि चहाही न घेता सांताक्रूझला अप्पासाहेबांच्या बंगल्याकडे निघाले.

आमच्या नाहूरच्या सोसायटीत नंदकुमारांना ओळखत नाही असा माणूस नाही. जन्मापासून त्यांना ऐकू येत नाही. घाटकोपरच्या एका कारखान्यात ते लेथवर होते, आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पत्नी विमला, त्याही कर्णबधिर. रेवतीला ऐकू येतं, त्यामुळे बोलायला लागल्यापासूनच ती त्या दोघांची दुभाषी झाली.

असा माणूस अप्पासाहेबांचा चाहता, याचं नव्याने राहायला आलेल्यांना नवल वाटायचं. कारण अप्पासाहेब म्हणजे आवाज. ऐतिहासिक चित्रपटांचा तो राजा. कधी सेनापती, कधी बंडखोर सरदार, आणि सगळ्यात गाजलेला तो ‘उत्तर बुरूज’मधला किल्लेदार. त्यांचे संवाद गणपतीच्या मंडपांत लाऊडस्पीकरवर लागायचे, पोरं शाळेच्या मैदानावर म्हणायची, लग्नात उखाण्याऐवजी नवरे म्हणून दाखवायचे. यातला एकही शब्द नंदकुमारांच्या कानावर कधी पडला नव्हता.

तरुणपणी ते भांडुपला एका खोलीत आई-वडिलांबरोबर राहायचे. वडील गिरणीत, गाव मालवणकडचं. पगाराच्या दुसऱ्या दिवशी मुलगा अप्पासाहेबांच्या चित्रपटाला पळायचा, तेव्हा आई शेजारणीला म्हणायची, “ह्येका ऐकाक येना नाय, मगे सिनेमात काय बघता ह्यो?”

काय बघतो, ते आईला फारसं कळलं नाही, पण घाटकोपरच्या मित्रांना कळत होतं. दर रविवारी तिथल्या एका बागेत कर्णबधिर तरुण जमायचे. सिनेमा पाहायचा बहुतेकांना कंटाळा यायचा, कारण पडद्यावर माणसं नुसती तोंडं हलवत बसायची. नंदकुमार मात्र एकच चित्रपट पुन्हा पुन्हा बघून यायचे आणि बागेत उभं राहून तो आख्खा सांगायचे. घोडे, दरवाजे, फितुरी, लढाई, सगळं हातांनी आणि चेहऱ्याने. ते म्हणायचे, बाकीच्या नटांच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं, अप्पासाहेब तोंड उघडायच्या आधीच सांगून मोकळे झालेले असतात.

बोरीवलीहून आपल्या भावाबरोबर येणाऱ्या विमलाने त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते किल्लेदार म्हणूनच. पुढच्या रविवारी ती पुन्हा आली आणि किल्ला पडल्यावर पुढे काय झालं, असं तिने विचारलं. नंदकुमारांनी चित्रपटात नसलेला आणखी अर्धा तास रचून सांगितला. लग्न झाल्यावर विमलाने चित्रपट पाहिला, तेव्हा तिची फसवणूक झाल्याचं तिला कळलं. ही तक्रार ती अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याकडे करते.

रेवती लहान असताना नंदकुमारांनी तिला एकदा विचारलं होतं की अप्पासाहेबांचा आवाज असतो कसा. मोठा, जाड, गोड, यातलं काहीच त्यांच्या उपयोगाचं नव्हतं. रेवतीने बराच विचार केला आणि सांगितलं, “तुमच्या कारखान्यातलं मोठं मशीन सुरू झाल्यावर त्याच्यावर हात ठेवला की तळव्याला जसं वाटतं ना, तसा.” नंदकुमार प्रसन्न हसले होते. माझा अंदाज तोच होता, असं त्यांनी सांगितलं.

सांताक्रूझच्या बंगल्याबाहेर त्या दिवशी मोठी गर्दी होती. लोक ‘अप्पासाहेब अमर रहे’ म्हणत होते, कुणी रडत होतं, कुणी मोबाइल उंच धरून होतं. अप्पासाहेबांना नंदकुमार आयुष्यात कधी भेटले नव्हते. पार्थिव बाहेर आणलं तेव्हा नंदकुमारांनी वाकून तीन वेळा मुजरा केला, अगदी चित्रपटातला किल्लेदार करायचा तसा, आणि घरी परतले.

मुलुंडला अप्पासाहेबांच्या चाहत्यांचं एक मंडळ आहे. नंदकुमार त्याचे जुने सभासद. दर वर्षी अप्पासाहेबांच्या वाढदिवसाला कार्यक्रम व्हायचा, सभासद मंचावर येऊन संवाद म्हणायचे, आणि नंदकुमार रेवतीबरोबर येऊन शांतपणे बसायचे. या वर्षी त्याच तारखेला स्मरणसभा ठरली. त्याच्या काही दिवस आधी नंदकुमारांनी रेवतीला घेऊन मंडळाचे अध्यक्ष माणिक देवस्थळी यांचं घर गाठलं आणि सांगितलं की मला मंचावर यायचंय.

देवस्थळी भला माणूस. ते अडचणीत पडले. नाही म्हणवेना आणि हो म्हणायची भीती वाटत होती. सभागृह भरलेलं असणार, अप्पासाहेबांच्या घरची माणसं येणार, कुणी हसलं तर नंदकुमारांचाच अपमान होईल. त्यांनी रेवतीला बाजूला घेऊन विचारलं, नक्की काय करणार आहेत ते? रेवतीने हेच वडिलांना विचारलं. त्यांनी कमरेशी मूठ आवळली आणि डावा हात उंच केला. उत्तर बुरूज. शेवटचा प्रसंग.

घरी आल्यावर बापलेकीत वाद झाला. रेवतीचं म्हणणं होतं की ती बाजूला माईक घेऊन उभी राहील आणि संवाद म्हणेल, म्हणजे लोकांना कळेल. संवाद तिला पाठच होता. नंदकुमार नाही म्हणाले. तिने परोपरीने समजावलं, लोक तिथे तो संवाद ऐकायलाच येतात. शेवटी ती चिडून म्हणाली, “बाबा, लोकांना काही कळलं नाही तर?”

नंदकुमारांनी हातांनी सावकाश सांगितलं, “मला इतकी वर्षं कळतंय ना? तू खाली बस. आईच्या शेजारी.”

स्मरणसभेला मी होतो. सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. अप्पासाहेबांच्या मोठ्या फोटोला हार घातलेला, समोरच्या रांगेत त्यांची मुलगी सुलक्षणाताई बसलेल्या. एकेक सभासद येऊन संवाद म्हणत होता, टाळ्या पडत होत्या. देवस्थळींनी नंदकुमारांचं नाव पुकारलं आणि घाम पुसत विंगेत जाऊन उभे राहिले.

नंदकुमार आले ते साध्या पांढऱ्या शर्टात. हातात काही नाही. त्यांनी मान वर केली, आणि समोर तटबंदी आहे हे आम्हाला कळलं. ज्यांनी चित्रपट पाहिलाय त्यांना प्रसंग ठाऊक असतो. किल्ल्यातली माणसं चोरदरवाजाने बाहेर पडेपर्यंत किल्लेदाराने बुरूज धरून ठेवायचा असतो. उजवा हात निकामी होतो, तो पागोटं सोडून खांदा बांधतो, तलवार डाव्या हातात घेतो आणि शत्रूला आव्हान देतो.

माझ्या मागच्या एका आजोबांनी सवयीने संवाद पुटपुटायला सुरुवात केली. दोन वाक्यांनंतर ते आपणहून थांबले. मंचावर किल्लेदार शत्रूला ललकारत होता, छाती पुढे, हनुवटी वर, आणि त्याच वेळी त्याची नजर हळूच खाली मागे जात होती, चोरदरवाजाकडे. किती राहिले? पुन्हा ललकारी. पुन्हा नजर. एक बाई लेकराला घेऊन मागे राहिली होती. ती आम्हाला दिसली. तिथे कुणीच नव्हतं, तरी दिसली. ती बाहेर पडली तसं किल्लेदाराच्या चेहऱ्यावर जे काही आलं, त्याला मी नाव देऊ शकणार नाही. मग त्याने तटाला पाठ टेकली आणि उघड्या डोळ्यांनी खाली बसत गेला.

मग सुलक्षणाताई उभ्या राहिल्या आणि त्यांच्यामागे सगळं सभागृह. टाळ्या थांबेनात. देवस्थळी विंगेतून धावत येऊन नंदकुमारांना मिठी मारून रडत होते. मागून कुणीतरी ‘वन्स मोअर’ म्हणालं आणि मग सगळेच म्हणू लागले.

नंदकुमारांनी रेवतीकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, तरी तिने हातांनी सांगितलं की लोक पुन्हा करा म्हणतायत. त्यांनी मान हलवली आणि दोन-तीन खुणा केल्या. देवस्थळींनी माईक रेवतीसमोर धरला.

“बाबा म्हणतायत,” ती म्हणाली, “किल्लेदार एकदाच पडतो.”

सभागृह हसलंही आणि पुन्हा टाळ्याही वाजल्या. रेवतीने ते वाक्य असं ताठ मानेने सांगितलं की क्षणभर बुरुजावर तीच उभी आहे असं वाटावं.

कार्यक्रमानंतर सुलक्षणाताईंनी नंदकुमारांचे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. सोसायटीत परत आलो तेव्हा बातमी आधीच पोचली होती. खाली वॉचमनपासून वर चौथ्या मजल्यापर्यंत जो भेटेल तो नंदकुमारांचा हात हातात घेत होता. घाडींच्या घरी पेढे आणि माणसं, दोन्ही भरपूर जमली.

सगळ्यांना चहा देऊन झाल्यावर विमलाताई नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांचे हात भराभर चालू लागले. आम्ही रेवतीकडे पाहिलं.

“आई म्हणतेय, तलवार या हातातून त्या हातात फार पटकन घेतलीस. हात तुटलाय तुझा. दुखायला नको?”

नंदकुमारांनी थोडा विचार केला आणि त्यांना ते पटलं. सभागृहाला नाही म्हणालेला तो माणूस मग टीपॉय बाजूला सरकवून तिथेच उभा राहिला. उजवा खांदा त्याने पाडला, दात आवळले आणि तलवार डाव्या हातात घ्यायला चांगला वेळ लावला. विमलाताई कमरेवर हात ठेवून बारकाईने बघत होत्या.