गाण्यातलं टेसन

माझ्या साडभाऊंइतका वाईट गिटार वाजवणारा माणूस देवाने दुसरा घडवला नाही, आणि घडवला असलाच तर आमच्या वडसा गावापासून लांब ठेवला. त्यांनी तारा पिळायला घेतल्या की वैनगंगेपलीकडे ब्रह्मपुरीत म्हशी पान्हा चोरायच्या, असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. हसा, पण त्या म्हशींना विचारा. ऐंशीच्या दशकातलं आमचं चर्च म्हणजे एक कौलारू खोली, आणि चर्चचा बँड म्हणजे साडभाऊंची गिटार, दवाखान्यातल्या कंपाउंडरची पेटी आणि माझी ढोलकी. आता शेजारी पेटी असताना गिटार पेटीवर लावावी की नाही? छे! ती लागायची रेल्वेच्या छोट्या लाईनवरच्या इंजिनाच्या शिटीवर. गोंदियाकडची गाडी शिटी देत आली की साडभाऊ कान टवकारून खुंट्या पिळणार. गाडी लेट, तर उपासना लेट. एका पावसाळ्यात रुळाखालची माती वाहून गेली, तेव्हा गाडी बंद होती तेवढे सगळे रविवार आम्ही बेसूर गिटारीवर देवाची स्तुती केली. गाडी सुरू झाल्यावरही फारसा फरक पडला नाही, ती गोष्ट वेगळी.

हिवाळ्यात ते झाडीपट्टीच्या नाटकांत वाजवायला जायचे. रात्रभर वाजवून रविवारी सकाळी थेट चर्चमध्ये. एकदा असेच पेंगत बसले होते. नागपूरहून नुकतेच बदलून आलेले पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले, आणि ह्यांनी झोपेतच खलनायकाच्या एंट्रीची धून छेडली. मागच्या बाकावरून कोणीतरी सवयीने शिटीही मारली. साडभाऊ दचकून जागे झाले आणि म्हणाले, "माफी द्या साहेब. तुमची चालच तशी हाये."

पण त्यांची खरी बदनामी वेगळ्याच गोष्टीची. एक स्तुतिगीत आम्ही दर रविवारी म्हणायचो. ध्रुवपदाच्या ऐन मध्यात, जिथे ओळ वर चढते, तिथे साडभाऊ तारांवर तळहात ठेवून गिटार बंदच करायचे. माझा हात हवेत, पेटीचा भाता अर्धा, मंडळीची तोंडं उघडी. मग ते खिडकीजवळच्या बाकाकडे बघून "हं" म्हणायचे, आणि गाणं पुढे निघायचं. लोकांनी त्या जागेला नाव दिलं होतं, टेसन. एका वर्षी सावली गावाहून पाहुणी मंडळी आली. त्यांना वाटलं, हे काहीतरी मोठं शास्त्र आहे. त्यांनी ते गाणं टेसनासकट उचललं आणि थांबताना डोळे मिटण्याची स्वतःची भरही घातली.

खिडकीजवळ बसायची साडभाऊंची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. आम्ही सगळे तिला बाई म्हणायचो. राइस मिलमध्ये तिचा जन्म गेला आणि मिलमधली कोंड्याची धूळ छातीत बसली. दोन वाक्यं बोलली की धाप लागायची. मिल सुटली, बोलणं कमी झालं, विहीर लांब पडू लागली. गाणं तेवढं तिने सोडलं नाही. त्या चढत्या ओळीपाशी तिचा श्वास संपायचा. तो परत येईस्तोवर गिटार थांबायची. एवढंच ते शास्त्र.

पाळकसाहेब नवे, त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं. नाताळच्या मेळाव्याआधी सरावाला त्यांनी ठणकावलं, "तिथे ताल मोडतो. या वेळी थांबायचं नाही."

"मंग गाडी बी वडशाले नोको थांबवू म्हना," साडभाऊ म्हणाले. "मानसं चढतीन कशी?"

"गाडीचा इथे काय संबंध?"

उत्तर बाईने दिलं, तुकड्यातुकड्याने. "साहेब... बरोबर म्हनते. मी नाई म्हनत गानं. मांगं बसून... आयकीन."

साडभाऊंनी गिटार खोळीत घातली. "मंग मी बी आयकीन."

पाळकसाहेबांनी बाईकडे पाहिलं. तिचे खांदे अजून वरखाली होत होते. त्यांनी चष्मा काढून उगाच पुसला आणि म्हणाले, "घ्या, पहिल्यापासून." त्या नाताळात आम्ही टेसनासकट गायलो, आणि थांबताना सगळ्यात मोठा आ पाळकसाहेबांचा होता.

बाई पुढच्याच उन्हाळ्यात गेली, मोहफुलं वेचायच्या दिवसांत. मातीला साडभाऊंनी गिटार आणली नाही. पुढे कित्येक रविवार ते रिकाम्या हातांनी यायचे आणि मागे बसायचे. गाडी शिटी देऊन निघून जायची, ते मान वर करायचे नाहीत. कंपाउंडर सुरात होता, मी तालात होतो, आणि आमचा बँड इतका भिकार कधीच वाजला नव्हता.

मग एका रविवारी ते गिटार घेऊन आले. माझ्या शेजारी बसून पुटपुटले, "आता थांबाचं नाई भाऊ. सरळ काढाचं. टेसनात कोनी नाई."

मी मान हलवली. गाणं सुरू झालं. चढती ओळ आली, आणि साडभाऊ खाली बघत सरळ निघाले. एकटेच निघाले. मंडळी थांबली होती. पेटीचा भाता अर्धा, पाळकसाहेबांचा आ उघडा, आणि मान हलवून बसलेल्या माझाही हात हवेत. कौलांखाली फक्त ती बेसूर गिटार थोडी पुढे गेली आणि अडखळली. साडभाऊंनी वर पाहिलं. आम्हा सगळ्यांवरून त्यांची नजर हळूहळू खिडकीपाशी गेली, आणि त्यांनी तारांवर तळहात ठेवला.

त्या दिवशी आम्ही टेसनात फार वेळ थांबलो. मग ते "हं" म्हणाले, की नुसते ओठच हलले, शेजारी बसून मला कळलं नाही. पण आम्ही निघालो.