खोल पाण्यातली साक्ष

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कोणत्या चोरीतला चोर कोणता, हे मला बायकोला विचारावे लागते, कारण जेवताना मी तिला सगळे सांगत असे. ही एक केस मात्र जशीच्या तशी राहिली आहे. तिच्यात कोणीच खोटे बोलले नव्हते, आणि तरीही दोन मुख्य माणसांपैकी एकाचेही म्हणणे खरे नव्हते. असे मला आधी कधी भेटले नव्हते आणि नंतरही नाही.

माझे शेवटचे ठाणे दक्षिण दिल्लीच्या टोकाला होते. तिथून अरवलीच्या टेकड्या सुरू होतात. त्या टेकड्यांत दगडाच्या जुन्या खाणी आहेत. खाणकाम बंद पडल्यावर त्यांत पाणी भरले आणि निळीशार, भयंकर खोल तळी तयार झाली. पोहायला सक्त मनाई. पण कुंपणाच्या तारा भंगारात जातात आणि मनाईच्या पाटीवर कपडे टांगून लोक खुशाल पाण्यात उतरतात. तिथून प्रेते काढून काढून आमचे ठाणे थकले होते. ‘खदान’ हा शब्द फोनवर ऐकला की माझी चहावरची वासना उडायची.

त्या रविवारी दुपारी तसाच फोन आला. बकऱ्या चारणारी एक म्हातारी बोलत होती. "साहब, जल्दी आओ. खदान में एक आदमी दूसरे का मुँह दबा रहा है."

आम्ही पोचलो तेव्हा रबरी पोशाख घातलेली, पाठीला सिलिंडर बांधलेली दोन माणसे काठावर होती. एक बेशुद्ध पडला होता, ओठ निळे. दुसरा गुडघ्यांवर बसून त्याच्या तोंडात श्वास भरत होता आणि मध्येच रडत होता. बेशुद्ध माणसाला रुग्णवाहिकेत घातले आणि दुसऱ्याला जीपमध्ये.

बेशुद्ध पडलेला करोल बागेत गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान चालवणारा होता. दुसरा मराठी निघाला. मूळचा नागपूरचा, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, द्वारकेच्या एका सोसायटीत राहणारा. दोघांची मैत्री जलतरण तलावातल्या स्कूबाच्या शिकवणीत झाली होती. दोनदा समुद्रात बुड्या मारून आले होते. दिल्लीला समुद्र नाही, म्हणून या शहाण्यांनी खाण शोधून काढली.

दुकानदाराचा थोरला भाऊ तासाभरात ठाण्यात हजर झाला. त्याने दुकानदाराच्या फोनमधला आदल्या दिवशीचा निरोप माझ्यासमोर धरला. त्या सेक्शन ऑफिसरने लिहिले होते, ‘इस बार तुझे नीचे ही छोड़ के आऊँगा.’ कोण जास्त खोल जातो यावरून दोघांत चुरस होती, भांडणेही झाली होती. म्हातारीची साक्ष होती, धमकी होती, हेतू होता. हत्येच्या प्रयत्नाचा एफआयआर नोंदवणे भागच होते. तो नोंदवला. अटक मात्र मी थांबवून ठेवली.

तेवढ्यात सेक्शन ऑफिसरची बायको आली. ती कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात नोकरीला होती आणि रविवारची ड्यूटी अर्धी टाकून धावत आली होती. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचताच तिचा चेहरा उजळला.

"साहेब, तुम्ही मराठी! बरं झालं बाई. अहो, हे बिल्कुल तसे नाहीत हो."

"मैडम, बैठिए," मी म्हणालो. "जो कहना है, हिंदी में कहिए."

तिचा चेहरा पडला. मला वाईट वाटले, पण इलाज नव्हता. बाहेरच्या बाकावर दुकानदाराचा भाऊ कान टवकारून बसला होता. मी दोन शब्द मराठीत बोललो असतो, तर पुढे हा माणूस निर्दोष ठरला तरी ‘आपस में सेटिंग थी’ हा डाग त्याला जन्मभर पुरला असता.

तिने डोळे पुसले आणि ताठ बसून हिंदीत सांगितले, "सर, अड़तालीस घंटे अंदर रहे तो ये सस्पेंड हो जाएँगे. मेरे ससुर स्कूल में चपरासी थे. पूरी ज़िंदगी लगा दी इनको यहाँ तक पहुँचाने में."

सरकारी नोकरीतल्या घरांना हा नियम पाठ असतो. कोठडीत तेवढा वेळ गेला की निलंबन आपोआप होते, मग खटला खरा असो की खोटा. मी अटकेच्या कागदावर सही केली की एका माणसाची नोकरी जाणार, आणि त्याच्या घराने पिढीभर खाल्लेल्या खस्ता मातीत जाणार. आणि तो खरोखर गुन्हेगार असेल, तर सही न करणे हा माझा गुन्हा. हे ओझे कोणालाही वाटून देता येत नाही.

मी सेक्शन ऑफिसरची चौकशी सुरू केली. सोबत माझा तरुण सब-इन्स्पेक्टर होता. मुलगा कामाला वाघ, पण त्याला निकालाची फार घाई.

"कितने नीचे गए थे?"

"तीस-पैंतीस मीटर, सर. सादी हवा लेकर चालीस के नीचे नहीं जाते. हमें यही सिखाया है."

मग त्याने आपणहून त्यांची एक पद्धत सांगितली. खोल गेल्यावर एकाने बोटे दाखवायची, दुसऱ्याने उत्तरादाखल एक बोट जास्त दाखवायचे. तीनला चार, दोनाला तीन. डोके ठिकाणावर आहे की नाही, याची ती परीक्षा. "मैंने तीन दिखाईं, उसने चार. बिल्कुल सही था वो."

हॉस्पिटलातून कळले होते की दुकानदाराच्या फुफ्फुसांत पाणी गेले आहे, म्हणजे श्वासाची नळी पाण्यातच तोंडातून निघाली होती. "फिर उसके मुँह से नली निकली कैसे?"

"याद नहीं, सर."

सब-इन्स्पेक्टर हसला. ‘याद नहीं’ हे आमच्या धंद्यात रोज ऐकू येणारे वाक्य आहे.

त्याच्या मनगटावर घड्याळासारखे एक यंत्र होते. किती खोल गेलो ते त्यात नोंदले जाते, हेही त्यानेच सांगितले, आणि मी विचारताच त्यानेच बटण दाबून ते माझ्यासमोर धरले. आकडा साठच्या वर होता. सब-इन्स्पेक्टरने माझ्याकडे ‘सापडला’ अशा नजरेने पाहिले. मी मात्र त्या माणसाचा चेहरा पाहत होतो. तो पांढराफटक पडला होता. त्याने बटण पुन्हा दाबले, पुन्हा पाहिले. "ये ग़लत है," तो पुटपुटला. मग म्हणाला, "सर, अगर ये सही है… तो मुझे कुछ भी ठीक से याद नहीं. हो सकता है, नली मैंने ही खींची हो."

सब-इन्स्पेक्टरचा हात पेनाकडे गेला. "पेन नीचे रख," मी म्हणालो.

खोटे बोलणारा माणूस स्वतःच्या सोयीचे खोटे बोलतो. हा तर आपल्याविरुद्धचा पुरावा मनगटावर बांधून आला होता, तो वाचायलाही त्यानेच शिकवले, आणि वर तो वाचून त्याचीच बोबडी वळली. असा चेहरा मी पूर्वी पाहिला होता. वाहतूक शाखेत असताना नाक्यावर दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना पकडायचो. ‘साहब, मैं एकदम ठीक हूँ’ असे ते शपथेवर सांगायचे, आणि ते खोटे बोलत नसायचे. त्यांना खरेच तसे वाटत असायचे. पण याच्या तोंडाला वास नव्हता आणि वैद्यकीय तपासणीत दारूचा थेंब सापडला नव्हता. सिलिंडरमधली हवाही शुद्ध निघाली. संध्याकाळी नोटीस देऊन त्याला घरी पाठवले आणि सकाळी यायला सांगितले.

सकाळी दुकानदार शुद्धीवर आला. मला हायसे वाटले. ते फार टिकले नाही, कारण त्याने जबाब दिला, "नली उसी ने खींची. मैंने अपनी आँखों से देखा." म्हणजे आता खुद्द पीडिताचा जबाब. भावाने तिथेच मला ऐकवले, आणि थोड्याच वेळात वरिष्ठांचाही फोन आला, अटक का नाही म्हणून. संध्याकाळपर्यंतची मुदत मी मागून घेतली.

ज्या डॉक्टरीणबाई दुकानदारावर उपचार करत होत्या, त्या पूर्वी नौदलात होत्या. पाणबुड्यांच्या आजारांत मुरलेल्या. मी त्यांना बोटांच्या परीक्षेचे आणि मनगटावरच्या आकड्याचे सांगितले. त्यांनी कपाळाला हात लावला.

"साठ मीटर, सादी हवा पर? इंस्पेक्टर साहब, ये दोनों नीचे टुन्न थे."

मग त्यांनी मला समजेल असे सांगितले. आपण घेतो त्या हवेत बहुतेक भाग नायट्रोजन असतो. इथे तो निरुपद्रवी. पण खोल पाण्याच्या दाबाखाली तोच मेंदूवर दारूसारखा चढतो. जितके खोल, तितका जास्त. माणसाला सगळे छान वाटते, हसू येते, साधी बेरीज जमत नाही, आणि आपण चढलेलो आहोत हेच त्याला कळत नाही. वर येताच नशा उतरते, डोकेही दुखत नाही, म्हणून खाली काय झाले याचा पत्ता लागत नाही. आणखी खोल गेले तर जो प्राणवायू आपल्याला जगवतो, तोच विषासारखा वागून काही इशारा न देता झटके आणू शकतो. म्हणून तितके खोल जाणारे जाणकार हेलियम मिसळलेली वेगळी हवा घेतात, आणि तीही पूर्ण प्रशिक्षण घेऊन.

"तो किसका बयान मानूँ?" मी विचारले.

"नीचे का? किसी का नहीं."

मी तिथल्या बाकावर बसूनच विचार केला. दोन झिंगलेल्या माणसांनी एकमेकांबद्दल सांगितलेले ऐकून मी एकाला तुरुंगात घालायला निघालो होतो. मला न झिंगलेला साक्षीदार हवा होता. काल जप्त केलेल्या सामानात सेक्शन ऑफिसरच्या टोपीवर एक रिकामा पट्टा होता, तो आठवला. लगेच फोन करून त्याला विचारले. "हाँ सर, कैमरा था! सिर पर. कहाँ गया, पता नहीं." कॅमेऱ्याला तरंगणारा नारिंगी फोम लावलेला होता, हे त्याला आठवत होते. ते घरी लावलेले होते ना, कोरड्या जमिनीवर.

आम्ही खाणीवर गेलो. वाऱ्याने सगळा कचरा पलीकडच्या कोपऱ्यात ढकलला होता, आणि तो कोपरा हरियाणात होता. पाण्याला हद्द नसते, पंचनाम्याला असते. पलीकडच्या ठाण्याच्या अधिकाऱ्याला बोलावून, त्याला दोन चहा पाजून, त्याच्या समक्ष आम्ही प्लास्टिकच्या पिशव्या उपसल्या. नारिंगी फोम एका चिप्सच्या पाकिटाखाली सापडला.

ते चित्रण आम्ही ठाण्यात पंचांसमोर पाहिले. टॉर्चच्या हिरवट उजेडात सेक्शन ऑफिसरचा हात तीन बोटे दाखवतो. दुकानदारही तीनच दाखवतो. आणि हा ‘बरोबर’ अशी खूण करून आणखी खाली उतरतो! मग दुकानदार हसतो, बुडबुड्यांचा ढग उठतो, आणि तो आपल्या तोंडातली नळी आपल्याच हाताने काढून पानाचा विडा द्यावा तशी पुढे करतो. क्षणभर काहीच होत नाही. मग हा हात ती नळी घेतो, त्याच्या तोंडात कोंबतो आणि वर तळवा घट्ट दाबून धरतो. दुसऱ्या हाताने त्याच्या तरंगवणाऱ्या जाकिटात हवा भरतो. ते वर येत राहतात. वाटेत दुकानदार धडपडतो, लाथा मारतो, मग मान टाकतो, पण तळवा हलत नाही. पाण्यावर आल्यावरही तळवा तसाच होता. म्हातारीने पाहिले ते अगदी बरोबर होते. एक माणूस दुसऱ्याचे तोंड दाबत होता.

सब-इन्स्पेक्टरने हळूच पेनाचे टोपण लावले. मला रडू यायचे बाकी होते. ज्याने सगळे भान गेलेले असताना मित्राचे तोंड सोडले नाही, त्याच्या हाताला मी बेड्या घालायला निघालो होतो, आणि त्याला स्वतःच्या बाजूने सांगायला जी एकच गोष्ट होती, तीच तो विसरला होता.

हॉस्पिटलात दुकानदाराने ते चित्रण दोनदा पाहिले. त्याचा भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आमच्याबरोबर आलेल्या मित्राला दुकानदाराने जवळ बोलावले आणि बसलेल्या आवाजात म्हणाला, "बोला था ना, नीचे छोड़ के आऊँगा? तुझसे वो भी नहीं हुआ, यार." मग दोघेही रडले. डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही असे काही सुनावले की मी हवालदारालाही ऐकायला उभे केले. दुकानदाराचा नवा जबाब घेतला आणि यथावकाश केस बंद करण्याचा अहवाल कोर्टात पाठवला. मनाई मोडल्याबद्दल दोघांवर वेगळी कारवाई मात्र केली. ती त्यांनी हसतमुखाने सोसली.

या केसने मला एक गोष्ट शिकवली. माणूस प्रामाणिक आहे एवढ्यावरून त्याचे म्हणणे खरे धरू नये. आणि जो ‘मी ठीक आहे’ असे सगळ्यात ठासून सांगतो, त्याच्याकडे नीट बघावे, मग तो नाक्यावर असो, पाण्याखाली असो की आरशात. पोलिसाला अधिकाराचीही अशीच चढते.

चित्रण पाहिले त्याच संध्याकाळी सेक्शन ऑफिसर ठाण्यात शेवटची सही करून बाहेर पडला. फाटकापाशी बायको त्याचा दंड धरून उभी होती, पुन्हा कोणी ओढून नेईल की काय अशी. मी त्यांच्यापुढे गेलो आणि तीन बोटे वर केली.

तो गोंधळला. मग त्याने माझ्याकडे पाहिले, बोटे मोजून पाहिली, आणि सावकाश चार बोटे वर केली.

"बरोबर," मी मराठीत म्हणालो. "ताई, यांना घरी न्या. डोकं ठिकाणावर आहे."

ती बघतच राहिली. "साहेब, काल एक शब्द तरी बोलायचा होतात हो."

"काल बोललो असतो, तर माझ्यामुळे सुटले असं लोक म्हणाले असते. आता ते स्वतःच्या हातानं सुटलेत."

तिने नवऱ्याचा तो हात, अजून चार बोटे तशीच वर असलेला, दोन्ही हातांत धरला आणि भर रस्त्यात हमसून हमसून रडली.