दक्षिणेला मुरगाव

गोव्याला राज्याचा दर्जा मिळायचा होता, त्या हिवाळ्यात मी पेडण्याच्या एका उजाड सड्यावर, कातळाच्या पठारावर, मोजणीला गेलो होतो. ध्रुवांवरून फिरणारे छोटे उपग्रह सोडायला जागा शोधणं चालू होतं. सड्याच्या कडेला एका म्हाताऱ्याची काजूबाग होती. मुरगाव बंदरात बोटींवर खनिज चढवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. आमच्या दुर्बिणीला त्याची झाडं आड येत होती. मी म्हणालो, "देशाचं काम आहे." त्याने घरून कुऱ्हाड आणली, प्रत्येक बुंध्यावर क्षणभर तळवा टेकवला आणि मोहरलेली सात झाडं स्वतःच पाडली.

पंधरवड्याने आमचे वरिष्ठ आले. त्यांनी नकाशावर पट्टी ठेवली आणि मिनिटभरात जागा नापास केली. असं रॉकेट सरळ दक्षिणेला जातं आणि त्याचे सुटे भाग खाली पडतात, म्हणून वाटेत मोकळा समुद्रच असावा लागतो. इथून दक्षिणेला मुरगाव होतं.

हे म्हाताऱ्याला सांगायची पाळी माझ्यावर आली. तो सुकलेल्या फांद्यांची मोळी बांधत होता. माझं ऐकत त्याने गाठ पुरी आवळली.

"साहेब, दक्षिणेक मुरगाव आसा हें म्हाका खबर आसलें," तो म्हणाला. "काजीचीं झाडां कापच्या आदीं तुमी विचारूंक ना."

आवाज जरासुद्धा चढला नव्हता. मी माफीही न मागता जीपमध्ये बसलो. अहवालात लिहिलं, 'स्थानिकांचं सहकार्य उत्तम.' पुढे नावासाठी रकाना होता. तेही मी विचारलं नव्हतं.