तोयोनोच्या वाट्याचा पाट

बर्फ वितळलं की एप्रिलच्या पहिल्या रविवारी आमच्या वाडीत पाट उपसतात. भातखाचरांत पाणी सोडायच्या आधी घरटी एक माणूस फावडं घेऊन येतो आणि आपल्या वाट्याचा वीस-पंचवीस पावलांचा तुकडा साफ करतो. या कामाला येईल तो गावचा, बाकी कोणी नाही.

तोयोनो माझी शेजारीण. आम्ही दोघी एकाच वर्षी सुना होऊन इथे आलो. नवरा गेल्यावर ती एकटी टोफू करून विकायची, आणि तोंडाची भारी फटकळ. अठरा वर्षांपूर्वी डोंगरावर खडीची खाण येणार होती. सगळ्या घरांनी संमतीच्या कागदावर शिक्का मारला, हिने नाही मारला. "डोंगर ढासळला तर काय शिक्का लावून थोपवणार आहात?" असं तिने गिहेई म्हाताऱ्याला तोंडावर विचारलं, आणि गिहेईच्या शब्दाबाहेर तेव्हा कोणी नव्हतं. खाण शेजारच्या गावी गेली, तिचा पैसाही तिकडेच गेला. गाव तोयोनोवर खवळलं. खवळलं म्हणजे कोणी आवाज चढवला नाही. आमच्यात चढवत नाहीत.

त्या वर्षी पाटाच्या कामावर देखरेख करायची पाळी माझ्याकडे होती. तोयोनो फावडं घेऊन आली तेव्हा गिहेईने माझ्याकडे नुसतं पाहिलं. जिच्याशी माझं अगंतुगं, जिच्या अंगणात बसून दर हिवाळ्यात मुळे खारवले, तिच्यापुढे मी कमरेत वाकले आणि म्हणाले, "आपल्याला कशाला तसदी? गारठा फार आहे. आपण घरीच आराम करावा."

शिवी दिली असती तर तिने दोन परत दिल्या असत्या. या बोलण्याला उत्तर नसतं. तीही वाकली, आभार मानले आणि परत गेली. सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला वाटलं, किती नीट निभावलं मी.

मग तेच अंगवळणी पडलं. गावच्या सूचनांची फळी घरोघर फिरते, ती मी तिचं दार टाळून पलीकडे नेऊन द्यायचे. पण दर एप्रिलला आम्ही पाटावर पोचायचो तेव्हा तिचा तुकडा उपसलेला असायचा, गाळ काठावर नीट थापलेला. आदल्या दिवशी एकटी येऊन करून जायची. आम्ही तेवढा ओलांडून पुढच्या कामाला लागायचो. सतरा वर्षांत कोणी त्यावर अवाक्षर काढलं नाही.

यंदा मार्चमध्ये ती घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडून इस्पितळात गेली. तिचा तुकडा गाळाने भरलेला राहिला. या वर्षीची पाळी ताकुमीकडे होती, शहरातून नव्याने राहायला आलेला तरुण माणूस. त्याने सरळ विचारलं, "हा तुकडा कोणाचा? आजवर कोण उपसायचं?"

गिहेई फावड्याच्या दांड्याकडे पाहत म्हणाला, "कोणाचाच नाही."

मला नुसतं नाव घ्यायचं होतं. नाही घेतलं. गपगुमान खाली उतरले आणि गाळ काढू लागले. या वयातही केवढा उत्साह, असं म्हणून ताकुमीने माझं कौतुक केलं. मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात गेले. तोयोनोने पहिलं काय विचारावं, तर पाट झाला का. झाला म्हटलं, तुमचा तुकडा मी उपसला.

तिने मान माझ्याकडे वळवली. "कोणाचा म्हणून विचारलं नाही कोणी?"

"विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. सगळ्यांदेखत."

"आणि गिहेई?"

"त्यांनी मान डोलावली."

ती फटकळ बाई पांघरुणात तोंड घालून रडली. मग नाक पुसत म्हणाली, "घरी आले की पहिला टोफू त्यालाच नेऊन देते. म्हातारा कुठवर ताठ राहणार!"

तिला सोमवारी सोडणार आहेत. आज शनिवार. गिहेईच्या दारापर्यंत मी दोनदा जाऊन आले, आणि दोन्ही वेळा हाक न मारताच परतले.