आक्काचा अंगठा

महिला दिनाच्या भाषणाला जायचं म्हणून कपाटातून मोरपंखी साडी काढली आणि डांबरगोळ्यांच्या वासासरशी पैठणच्या कचेरीतली ती दुपार अंगावर आली.

दुष्काळाचं वर्ष होतं. बिडकीनच्या आमच्या शेतात पेरलेलं उगवलंच नव्हतं, पण शहर तिकडं सरकत होतं आणि पडीक रानालाही गिऱ्हाईक येत होतं. दादानं शहरातल्या गुलमंडीतून आम्हा दोघी बहिणींना सारख्याच मोरपंखी साड्या आणल्या होत्या. त्याच नेसून आम्ही हक्कसोड करायला आलो होतो. आक्काला मात्र दादानं सांगितलं होतं, वडिलांच्या माघारी वारसांची नावं लावायची आहेत.

आक्का माझ्याहून मोठी, देवगाव रंगारीला दिलेली, नवरा गेलेला. तिनं कागद माझ्या हातात दिला.

"तू मास्तरीण हायेस. वाच बरं, काय लिवलंय."

मी वाचलं. वडिलांचं नाव, गट नंबर, चारी बाजूंचे बांध, सगळं खणखणीत वाचलं. 'माझा व माझ्या वारसांचा यापुढे कोणताही हक्क राहणार नाही,' एवढी ओळ गाळली. दादा समोरच उभा होता आणि मला माहेर हवं होतं.

"माझा वाटा ऱ्हातो ना गं?"

"लाव अंगठा, आक्का."

हात धुवायला कचेरीत थेंबभर पाणी नव्हतं. नवी साडी खराब होईल म्हणून आक्का शाईचा अंगठा हवेत धरूनच एसटीत बसली. शेजारच्या बाईला माझ्याकडं बोट करून कौतुकानं म्हणाली, "धाकटी बहीण हाय माझी. आमच्या घरात पयली शिकलेली. समदं वाचून दाखवलं तिनं मला."