अक्कांचं माप आणि नानांची गाडी

सकाळी उठल्याबरोबर नाना गाडीखाली वाकायचे, फरशीवर बोट टेकवायचे आणि ते उन्हात धरून पाहायचे. बोट तेलानं काळं निघालं तरी अंगणापलीकडून मला ओरडून सांगायचे, "बठ्ठं ठीक शे, भाऊ!" त्यांच्या अहिराणीत, म्हणजे सगळं ठीक आहे.

तुमच्या गल्लीतही असा एखादा माणूस असेल. स्वतः काळजीत, पण दुसऱ्याला घोर लागू न देणारा.

नव्वद साल उजाडायच्या आधीची गोष्ट. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. जळगावात नोकरी लागली आणि पिंप्राळ्यात नानांच्या मागच्या खोलीत भाडेकरू म्हणून आलो. नाना सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. दोन मालकांकडून फिरून आलेली एक जुनी पांढरी गाडी त्यांनी हौसेनं घेतली होती. तिच्या गिअरबॉक्समधून तेल ठिबकायचं आणि त्यांच्या बायकोच्या, अक्कांच्या, सड्यावर रोज काळा टिळा उमटायचा. अक्का म्हणायच्या, "माझ्या रांगोळीपेक्षा हिचीच नक्षी मोठी!"

माझं लग्न ठरलं. मुलगी धुळ्याची, देवपूरची. गृहप्रवेश पिंप्राळ्याच्या खोलीतच करायचा, असं आईनं ठरवलं. नानांनी जाहीर केलं, "नवरी मन्ही गाडीमाच येई!" आणि आईकडे पितळी माप नव्हतं म्हणून अक्कांनी आपलं देऊ केलं. ते ओलांडूनच त्या स्वतः या घरात आल्या होत्या.

आता गाडी तेल गाळत एवढ्या लांब जाणार कशी? लग्नाच्या आदल्या रविवारी नानांनी गाडी विटांवर चढवली. तेल परातीत काढलं, गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा सोडवला. अक्का खुर्चीवर बसून आरशानं गाडीखाली ऊन फेकत होत्या. पाने देण्याचं काम माझ्याकडे होतं. तेल अडवणारं जुनं रबरी सील निघालं ते वाळल्या चिंचेसारखं कडक झालेलं.

नवं सील नानांनी थेट हातोडीनं ठोकलं. ते तिरकं बसून फाटलं.

"बठ्ठं ठीक शे," गाडीखालून आवाज आला. "दुसरं शे मन्हाजवळ."

पण शेवटचं ते एकच. ते चारी बाजूंनी सारखं दाबलं जावं म्हणून त्याच मापाचं काहीतरी गोल, पोकळ हवं होतं. वाटी लहान पडली, तांब्या मोठा. नानांची नजर फडताळाकडे गेली, तशी अक्कांनी आरसाच खाली ठेवला.

"हात लावायचा नाही! लक्ष्मीचं माप आहे ते."

"मंग लक्ष्मीलेच तं आनाले जाई ऱ्हायनू ना!"

अक्का हसू दाबत आत गेल्या आणि माप घेऊन आल्या. "पोचा पडला तर तुम्ही गाडीतच झोपायचं."

मापाचं तोंड सीलवर बरोबर बसलं. बुडाशी लाकडाचा ठोकळा धरून नानांनी हळूहळू ठोकलं. सील जागच्या जागी गेलं. नानांनी माप चिंचेनं असं लखलखीत घासलं, की त्याचं बूड एका अंगाला चेपल्याचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

लग्न लावून धुळ्याहून परतताना नानांनी पारोळ्याला गाडी थांबवली. ठेवणीतल्या धोतरानिशी ते खाली वाकले आणि फरशीऐवजी रस्त्यावर बोट टेकवलं. मागच्या सीटवर बायकोनं मला हळूच विचारलं, "काय पाहतात हे?"

"तेल," मी म्हणालो.

आमच्या संसारातलं हे पहिलं बोलणं. खिडकीतून कोरडं बोट आत आलं. "बठ्ठं ठीक शे, बेटी!"

उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं माप ठेवलं. बायकोनं पाय उचलला मात्र, माप आपणहून डुललं आणि पायाचा स्पर्श होण्याआधीच कलंडलं. तांदूळ घरभर झाले. आईचा चेहरा पांढरा पडला. अपशकुन हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण तो सगळ्यांच्या तोंडाशी आला होता.

नाना पुढे आले. वाकले. सांडलेल्या तांदळात बोट टेकवलं आणि बोटाला चिकटलेला दाणा उजेडात धरून पाहिला.

"बठ्ठं ठीक शे!"

आधी बायको हसली. मग आई. अक्का म्हणाल्या, "गाडीचं गळणं थांबवलं, आन् माझं माप गळायला लावलं! चल ग पोरी, आत ये. लक्ष्मीलाच घाई झालीय."

नाना गेले. गाडीही गेली. ती उभी राहायची तेवढी जागा सोडूनच अक्का अखेरपर्यंत रांगोळी काढत राहिल्या. माप त्यांनी माझ्या बायकोला दिलं. आमच्याकडे रोजचे तांदूळ त्यानंच मोजतात. ओट्यावर ठेवलं की अजून डुलतं. तांबटाकडून बूड सरळ करून घेऊ, असं मी एकदा म्हणालो, तर बायकोनं ते माझ्या हातातून काढून घेतलं.

ती एका बोटानं त्याला आधार देते, तांदूळ भरते. एखाद्या दिवशी मी काळजीत दिसलो, की तेच बोट माझ्यासमोर धरते. कोरडं, तांदळाच्या भुकटीनं पांढरं झालेलं.